फ्रीजच्या दारातल्या बाटल्या

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणींना घरच्या सरबताचे वेध लागतात आणि माझ्याकडे विचारणा सुरू होते. अटी दरवर्षी त्याच. साखर जास्त नको, प्रिझर्व्हेटिव्ह तर मुळीच नको, आणि एकदा करून ठेवलं की गणपतीपर्यंत तरी टिकलं पाहिजे. मी डोंबिवलीत एका ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे, त्यामुळे माझ्याकडे काहीतरी गुपित असणार अशी सगळ्यांची खात्री. गुपित काही नाही. या तीन अटींपैकी दोन पाळता येतात, तिसरी सोडावी लागते. कुठली सोडायची ते फळावर आणि घरातल्या माणसांवर ठरतं.

रस बिघडतो तो त्यात यीस्ट आणि बुरशी वाढते म्हणून, आणि त्यांना वाढायला पाणी लागतं. भरपूर साखर किंवा भरपूर मीठ घातलं की रसातलं पाणी ती साखर, ते मीठच धरून ठेवतं. बुरशीच्या वाट्याला काही येत नाही. आपला मुरांबा आणि आपलं लोणचं यावरच तर उभं आहे. बाजारच्या बाटल्यांचे नियम पाहिले तरी हेच दिसतं. फळाच्या सिरपमध्ये विरघळलेला ऐवज, म्हणजे मुख्यतः साखर, किमान 65 टक्के असावी लागते. स्क्वॅशला 40 टक्के चालते. सिरप नुसत्या साखरेवर तग धरू शकतं, स्क्वॅशला तेवढ्या साखरेत ते जमत नाही, म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह येतो. तेव्हा 'साखर निम्मी कर आणि बाकी सगळं तसंच राहू दे' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

हे सगळं शिकले होते मी पुस्तकातून, पण अंगवळणी पडलं ते कोकमाच्या दोन बाटल्यांमुळे.

माझं सासर कुडाळचं. थोरल्या जाऊबाई तिथेच असतात आणि मागच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, झाडं आहेत. रातांबे पिकतात ते एप्रिल-मेमध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना, त्यामुळे सगळं काम घाईचं. फळ फोडायचं, साली एकीकडे, बिया आणि गर दुसरीकडे. त्या गराबियांत मीठ घातलं की रस सुटतो. आमसुलं करायची असतील तर साली या खारट रसात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. पुटं देण्यात आळस केला की आमसूल वातड आणि फिकं होतं. चांगलं आमसूल काळपट, मऊ आणि बोटाला चिकटेल असं असतं. हाच खारट रस गाळून बाटलीत भरला की झालं आगळ. बियाही फुकट जात नाहीत. त्यांचं तेल निघतं, ते गार झालं की थिजतं आणि मुठीत वळून ठेवतात, म्हणून ते मुठेल. थंडीत माझ्या टाचा त्याच्यावरच असतात. बाजारातली पायाची क्रीमं मी विकत घेणं सोडून दिलंय.

आगळ जाऊबाई देतात, पण अमृत कोकम मी इथे करते. मेमध्ये मांडवी एक्स्प्रेसने परतताना एक करंडी रातांबे आमच्याबरोबर असतातच. साली धुऊन कोरड्या पुसायच्या, चिरायच्या आणि काचेच्या बरणीत एक थर सालींचा, एक थर साखरेचा असं रचत जायचं. शेवटचा थर साखरेचाच. किलोभर सालींना दोन किलो साखर. वाचून दचकायला होतं, कबूल आहे, पण हे तसंच प्यायचं नसतं. एक भाग पाकाला पाच-सहा भाग पाणी पडतं. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा आणि आठवडाभर गॅलरीतल्या उन्हात ठेवायची. दुसऱ्याच दिवशी तळाशी लालभडक पाक जमलेला दिसतो आणि साखर खाली बसायला लागते. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ती वर काढायची. पाण्याचा थेंब नाही, गॅस नाही. साखर पूर्ण विरघळली की गाळायचं. ज्या साली उरतात त्या आमच्याकडे धाकटा गोळीसारख्या चघळून संपवतो. जाऊबाईंचा फोनवरचा इशारा दर मेमध्ये ठरलेला असतो: "ओलो हात लावशीत तर बुरशी धरतली."

फळ एकच. एक बाटली मिठावर उभी, दुसरी साखरेवर. बाहेरचं कुठलंही औषध दोन्हीत नाही आणि दोन्ही वर्षभर टिकतात. फक्त दोन्हीत काहीतरी भरपूर आहे, आणि ते कुणाला चालणार हे पाहावं लागतं. आमच्या अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, मधुमेह आहे. त्यांना मी आगळाचं सरबत देते: पेलाभर गार पाण्यात दोन चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बस. वरून मीठ अजिबात नाही. सासूबाईंना रक्तदाब, म्हणजे आगळ त्यांना बेतानेच, त्यांच्या हातात अमृत कोकमाचा छोटा पेला. दोघं एकमेकांच्या पेल्याकडे बघत पितात. अप्पांचं म्हणणं असं की दोन्हीचा रंग एक असल्याने पेले बदलले गेले तर त्यात त्यांचा दोष नाही.

रंगावरून आठवलं. कोकमाचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि अल्कली मिळाली की निळसर पडतो. पोरांना लिटमस दाखवून झाला की मी कधीकधी कोकमाच्या पाण्यात खायचा सोडा टाकून दाखवते. लिटमसपेक्षा त्यालाच जास्त टाळ्या. ज्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आगळ सांडलंय आणि वर साबण लावलाय त्यांनी हा प्रयोग घरीच केलेला असतो. पण याच रंगामुळे एक गोष्ट जपावी लागते. 'साखर कमी करते आणि चिमूटभर केएमएस घालते' असं मला एकीने सांगितलं. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, एक प्रिझर्व्हेटिव्ह. आंबट रसात ते पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, तो यीस्टला रोखतो आणि जाता जाता लाल-जांभळा रंगही उडवतो. म्हणून लिंबू, संत्रं, आंबा यांना केएमएस आणि कोकम, जांभूळ, करवंद यांना सोडियम बेन्झोएट, अशी वाटणी असते. सरबतं-जॅमच्या शिकवणी वर्गांत हे पहिल्याच दिवशी सांगतात.

माझं म्हणाल तर मी प्रिझर्व्हेटिव्हला विष समजत नाही. ज्यांना शंभर बाटल्या विकायच्या आहेत त्यांनी ते जरूर घालावं, मोजून घालावं. मला राग आहे तो 'चिमूटभर' या मापाचा. केएमएस लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास लागतं. ते चिमटीत कसं मोजणार? त्यात घरात दम्याचं माणूस असेल तर सल्फाइटने त्रास होऊ शकतो. सहा बाटल्या वर्षभर साठवायच्याच कशाला, असा माझा प्रश्न आहे.

सोलकढीच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण ती टिकवायची वस्तूच नव्हे. ओल्या नारळाचं दाट दूध, आगळ, लसणीच्या दोन पाकळ्या आणि हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. सकाळी केली तर दुपारी संपली पाहिजे. गरम करायला जाल तर फाटेल. रंग हलका गुलाबी येतो. हॉटेलातल्या काही वाट्यांतला भडक राणी रंग बिटाचा असतो, कोकमाचा नव्हे. नारळ घरात नसेल तर जाऊबाई तिवळ करतात: आमसुलं पाण्यात कोळायची, मीठ, जिरं, मिरची, झालं. गोव्यातली फुटी कढी याच घराण्यातली, तिच्यात हिंग-लसूण असते. मासे खाऊन झाल्यावर भातावर ओतून ओरपायला मला सोलकढीपेक्षा तीच बरी वाटते. हे कुडाळात मोठ्याने बोलत नाही.

पन्ह्याचं प्रकरण वेगळं. चैत्रात हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं हवंच, आणि त्या सुमाराला बाजारात कैऱ्याही स्वस्त. मी कैऱ्या भांड्यात ठेवून, भांड्यात पाणी न घालता (पाणी फक्त कुकरच्या तळाशी), तीन शिट्ट्यांवर उकडते. आई, म्हणजे माझी आई, निखाऱ्यावर भाजायची. त्या धुरकट वासाची सर उकडलेल्या कैरीला नाही, पण फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणायचे? गॅसच्या जाळावर वांग्यासारखी कैरी भाजून पाहिली आहे. साल करपते, आत कोयीजवळ कच्ची राहते. लहान कैरी असेल तर जमतं.

गराइतका गूळ हे माझं सुरुवातीचं माप. पुढे कैरीवर ठरतं. वाऱ्याने पडलेली हापूसची कोवळी कैरी आणि रायवळ कैरी यांच्या आंबटपणात जमीन-अस्मानाचा फरक, त्यामुळे यूट्यूबवरच्या 'एक वाटी गर, दोन वाट्या गूळ' यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, चाखत चाखत जा. गूळ सरळ गरात किसू नये. थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घ्यावा. गाळणीत खाली काय उरतं ते बघितलं की पुन्हा कधी सरळ किसणार नाही. पिवळाधमक गूळ रंगाला छान दिसतो खरा, पण मला पन्ह्यात काळपट, गडद गूळच आवडतो. पन्हं तपकिरी होतं, होऊ दे. वेलदोडा, चिमूटभर मीठ, केशर असेल तर चार काड्या. मिठाशिवायचं पन्हं नुसतं गोड पाणी लागतं.

इथे मी टिकवण्याची अट सोडते. गूळ बेताचा, औषध नाही, म्हणजे फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढे नाही. ज्यांना जूनमध्येही पन्हं हवंच त्यांनी गूळ न घालता नुसता गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा, हवे तेव्हा दोन खडे काढावेत. तीन अटींतून सुटायची फ्रीजर ही एकच पळवाट आहे, मी ती नाकारत नाही. आमच्या फ्रीजरमध्ये ओलं खोबरं, मटार आणि अप्पांच्या गुडघ्याची बर्फाची पिशवी यांच्यामध्ये एका ट्रेपुरती जागा उरते, एवढंच.

आता सॉस. सॉस म्हणजे आपण ज्याला सॉस म्हणतो तो, टोमॅटोचा. तो मी जानेवारीत करते, कारण तेव्हा टोमॅटो स्वस्त आणि लालबुंद असतात. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून कुठल्या कुठे गेले होते, तेव्हा घरच्या सॉसचं नाव काढणाऱ्याला मी स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं. स्वस्ताईत केला तरी तो बाजारच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतो असं नाही. किलोभर टोमॅटोचा आटून कसाबसा तीन-चारशे ग्रॅम सॉस होतो आणि गॅस तासभर जळतो. पैसे वाचवायला म्हणून कुणी या फंदात पडू नये.

मी तो करते ते चवीसाठी आणि मुलांच्या तोंडी आलं-लसूण-दालचिनीची चव लागावी म्हणून. टोमॅटो चिरून आपल्याच रसात शिजवायचे आणि पुरणयंत्रातून काढायचे. मिक्सरमध्ये फिरवलं की बिया भरडल्या जातात आणि कडवटपणा येतो. पुरणयंत्र साल आणि बी वर ठेवतं, गर खाली. होळीखेरीज ते वर्षभर माळ्यावर पडून असतं, त्याला हे दुसरं काम. किलोभर गराला 75 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम मीठ. कांदा, आलं, लसूण, दालचिनी, लवंगा, मिरी, जिरं हे सगळं जाडसर कुटून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि गरात सोडायची. रंगाला बेडगी मिरचीची पूड. साखर सुरुवातीला एक तृतीयांशच घालायची. सगळी घातली तर तळाशी लागते आणि सॉस काळवंडतो. मधूनमधून पुरचुंडी डावाने दाबून तिचा अर्क काढायचा.

आटत आला की फटफट उडायला लागतो, तेव्हा लांब दांड्याचा डाव आणि पूर्ण बाह्या. झाला की नाही हे बघायला थेंबभर सॉस कोऱ्या बशीत टाकायचा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून थोडा वेळ, कडं नाही तर झाला. तेव्हा उरलेली साखर आणि मीठ घालायचं, आणि अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या जरा आधी, किलोला 25 मिली व्हिनेगर. आधी घातलं तर उडून जातं. व्हिनेगर काही जणी 'केमिकल' म्हणून गाळतात, त्यांना माझा हात जोडून नकार. टोमॅटोचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साडेचारच्या आसपास असतो आणि 4.6 ही धोक्याची रेघ आहे. त्याच्या वर बोटुलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. म्हणजे टोमॅटो अगदी काठावर. व्हिनेगर त्याला काठावरून आत ओढतं. काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून, कोरड्या करून, बाटली आणि सॉस दोन्ही गरम असतानाच भरायचं आणि गार झालं की फ्रीजमध्ये. आमच्याकडे महिन्याभरात फडशा पडतो.

धाकट्याचं मत असं की हा सॉस नाही, चटणी आहे. बाटली उलटी करून थोपटली की बाजारचा सॉस जसा सुळकन येतो तसा हा येत नाही, गचकन येतो. मी त्याला सांगितलं, चमचा लाव. बटाटेवड्याबरोबर मात्र तोच पुन्हा पुन्हा घेतो.

चिंच-खजुराची चटणी मात्र कुणीही विकत आणू नये, इतकं ते सोपं आहे. वाटीभर बिया काढलेली चिंच, वाटीभर खजूर, वाटीभर गूळ. शिजवायचं, पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढायचं, पादेलोण, भाजलेलं जिरं, लाल तिखट. चिंच मूळची आंबट, त्यात गूळ, त्यामुळे फ्रीजमध्ये ती आरामात राहते.

शेवटची बाटली शेजवान चटणीची. चीनच्या सिचुआनशी तिचा संबंध नावापुरता, ती आपल्या मुंबईच्या गाड्यांवरचीच. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी. दोन्ही गरम पाण्यात भिजवून वाटायच्या. तेलात बारीक चिरलेली लसूण आणि आलं परतायचं, मग वाटण, मीठ, साखर, थोडा सोया सॉस, व्हिनेगर, आणि बाजूने तेल सुटेपर्यंत परतत राहायचं. हिच्यात मैत्रिणींची अट असते 'तेल नको'. वर बोटभर तेल आलेलं दिसतं ते हवेला आत येऊ देत नाही, म्हणून बुरशी लांब राहते. पण त्या तेलाखाली लसूण आहे, आणि हवेवाचून तेलात बुडालेली लसूण ही बोटुलिझमच्या जंतूंची आवडती जागा, म्हणून इथेही व्हिनेगरला सुट्टी नाही आणि बाटली ओट्यावर नाही, फ्रीजमध्येच. तेल कमीच हवं असेल तर वाटीभरच करा आणि त्याच आठवड्यात फ्राइड राइस करून टाका.